एकच कार्ड, एकच टेस्ट, रोज नवा आकडा : ड्रायव्हरचा वांधा की अजून काही?

तापीकाठचा (भुसावळ) · २२ एप्रिल, रात्री ११:५०

राम राम मंडळी.

लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. सीझन ऐन भरात आहे, तीन पार्ट्या रोज फोन करतायत, आणि मी आठ दिवसांपासून बेंचमार्क (ग्राफिक्स कार्डाचा वेग मोजायची टेस्ट) चालवत बसलोय. आई विचारते, "हे काय सारखं तेच तेच पिक्चर लावतोस?" तिला काय सांगू, तुम्हीच सांगा.

कार्ड एएमडीचं आरएक्स ५७०० एक्सटी, ८ जीबी, डिसेंबरात जुनं घेतलेलं. विकणाऱ्याने सोबत पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) दिला होता, ॲड्रेनलिन २१.१०.२, आणि बजावून सांगितलं होतं की हाच ठेवा, नवीन टाकाल तर पस्तावाल. तीन-चार महिने मी ऐकलं. या महिन्यात एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन जुन्या ड्रायव्हरवर चालेना, म्हणून २४.१२.१ टाकला आणि सहज टाइम स्पाय, म्हणजे थ्रीडीमार्कची ग्राफिक्स टेस्ट, लावून बघितलं. तिथून झोप उडाली. ग्राफिक्स स्कोअर बघा (जास्त तितका चांगला):

जानेवारी, रात्री, २१.१०.२ : ८,९१०
१४ एप्रिल, दुपारी, २४.१२.१ : ८,०६०
१५ एप्रिल, रात्री, डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून साफ करणारा प्रोग्राम) मारून परत २१.१०.२ : ८,६४०
१९ एप्रिल, दुपारी, तोच २१.१०.२ : ७,९८०
२१ एप्रिल, रात्री, परत २४.१२.१ : ८,६७०

१४ तारखेला वाटलं, विकणारा बरोबर बोलत होता. १९ तारखेला जुन्याच ड्रायव्हरने त्याहून खाली आणलं, तेव्हा डोकं फिरलं. नव्या ड्रायव्हरने कार्डात कायमचं काही बिघडवलं का? तसं होतं का? की कार्डच शेवटचे श्वास मोजतंय? प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, काहीही बदललेलं नाही.

शेवभाजी_तिखट (धुळे) · २३ एप्रिल, सकाळी ७:१५

लाल कंपनीचं (एएमडीचं) कार्ड घेतलं तेव्हाच ही पोस्ट लिहून ठेवायची होती. ५७०० एक्सटी आली तेव्हा लोकांचे पडदे काळे व्हायचे, आठवतं का? हिरवं (एनव्हिडियाचं) घ्या, सुखी राहा.

नंदुरबारी_मिरची · २३ एप्रिल, सकाळी ९:०२

शेवभाजी, सकाळी सकाळी तर्री? काळ्या पडद्याचं खरं आहे, कार्ड जुलै २०१९ मध्ये आलं आणि पहिले सहा-सात महिने लोक वैतागले होते. पण फेब्रुवारी २०२० च्या २०.२.२ ड्रायव्हरमध्ये त्यातलं बरंच निस्तरलं. भाऊचा ड्रायव्हर त्यानंतरचा आहे, दोन्ही वेळचा.

तापीकाठचा भाऊ, मी दुरुस्तीचं काम करतो. तुमच्या यादीत ड्रायव्हर लिहिलाय, वेळ लिहिलीय, तापमान कुठेच नाही. हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, किती जात होतं? आणि खोली किती तापलेली होती?

दुसरं, कार्डावर बायोसची, म्हणजे कार्डाच्या आतल्या मूळ प्रोग्रामची, बारीक दांडी आहे का बघा. काही ५७०० एक्सटीवर दोन बायोस असतात, एक शांत आणि एक जोरदार. साफसफाई करताना बोट लागून दांडी सरकली तरी आकडा बदलतो. बायोसचा जोर किती असतो ते एएमडीच्याच ५६०० एक्सटी कार्डाने दाखवलं. जानेवारी २०२० मध्ये बाजारात यायच्या तोंडावर कंपनीने नवीन बायोस दिला, क्लॉक (चिपचा वेग) वाढवला, मेमरीचा वेग १२ वरून १४ जीबीपीएसवर नेला. दुकानात काही डबे जुन्या बायोसचे, काही नव्या. नाव एक, खोकं एक, स्कोअर वेगळे.

जुना_सायबरवाला (जळगाव) · २३ एप्रिल, दुपारी १:३०

हे वाचून आमचा जमाना आठवला. २००३ साली सायबर कॅफे चालवायचो, आठ मशीन, त्यातल्या दोनांतच खरं ग्राफिक्स कार्ड. पोरं त्या दोन मशीनसाठी रांग लावायची. लोडशेडिंग असलं की रांग बाहेरच्या ओट्यावर.

ड्रायव्हरवर संशय घेणं चुकीचं नाही, तो संशय कमावलेला आहे. २००१ मध्ये एटीआयचं (हीच कंपनी पुढे एएमडीने घेतली) रेडिऑन ८५०० कार्ड आलं. क्वेक ३ या खेळात फार छान पळायचं. कुणीतरी खेळाच्या फाइलचं नाव 'क्वेक'चं 'क्वॅक' केलं, बाकी एक अक्षर हलवलं नाही, आणि वेग खाली आला! वेग उतरला तसं चित्र उलट जास्त स्वच्छ दिसायला लागलं. म्हणजे ड्रायव्हर फाइलचं नाव वाचून, "हां, हा खेळ आलाय," असं ओळखून चित्राची प्रत कमी करत होता. पुढच्या ड्रायव्हरमध्ये त्यांनी चित्र सुधारलं आणि वेगही बहुतेक टिकवला.

मग मे २००३. या वेळी हिरवी बाजू, शेवभाजी, कान इकडे करा. थ्रीडीमार्क०३ या टेस्टमध्ये कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरतो. ती वाट आधीच माहीत असल्यामुळे जे पडद्यावर येणारच नाही ते ड्रायव्हर रंगवतच नव्हता. कॅमेरा वाट सोडून फिरवणारी आवृत्ती काही जणांकडे होती, त्यात आभाळ फाटल्यासारखं दिसायचं. टेस्ट बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने ड्रायव्हरला टेस्ट ओळखता येऊ नये अशी दुरुस्ती काढली आणि एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचा स्कोअर २४.१ टक्के घसरला. एटीआयचाही १.९ टक्के घसरला, म्हणजे सगळेच थोडे थोडे. दोन आठवड्यांत फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी मिळून निवेदन काढलं की ही फसवणूक नव्हे, विशिष्ट प्रोग्रामसाठीची सुधारणा. आम्ही कॅफेत यावर जितकं भांडलो तितकं राजकारणावर नाही भांडलो.

अमळनेरची_लेक (सध्या पुणे) · २३ एप्रिल, रात्री १०:२०

सायबरवाले काका, मस्त. मी काही वर्षं ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायचंच काम केलंय (कोणाकडे ते विचारू नका), म्हणून थोडं लांबण लावते.

खेळाचं नाव ओळखणं आजही चालतं आणि ते उघड आहे. नवीन खेळ आला की त्याच आठवड्यात त्याच्यासाठीचा ड्रायव्हर येतो तो उगाच नाही. खेळासोबत शेडर येतात, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा काढायचा याचे छोटे प्रोग्राम. ते कोणत्याही एका कार्डाच्या भाषेत नसतात. ड्रायव्हर ते तुमच्या कार्डाच्या भाषेत उतरवतो. हे काम कच्चं झालं तर तेच कार्ड रखडतं, बारकाईने झालं तर पळतं. कधी ड्रायव्हरवाले खेळाचा शेडर काढून हाताने घोटलेला दुसराच बसवतात. चित्र तेच आलं तर कुणाची हरकत नसते.

आता ड्रायव्हरचा हात किती लांब पोचतो हे खेळ कुठल्या पद्धतीने लिहिलाय त्यावर असतं. डायरेक्टएक्स ११ आणि ओपनजीएल या पद्धतींमध्ये मेमरी कुठे ठेवायची, कामं कुठल्या क्रमाने लावायची, हे बहुतेक ड्रायव्हरच बघतो. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन मध्ये ते ओझं खेळाच्या अंगावर टाकलंय. टाइम स्पाय ही २०१६ ची टेस्ट, शुद्ध डायरेक्टएक्स १२. तुमचं कार्ड २०१९ चं. इतक्या वर्षांत त्या जोडीतलं काढायचं तेवढं सगळं काढून झालंय. २१.१० आणि २४.१२ मध्ये तिथे दहा टक्के फरक ड्रायव्हरने पडावा, हे मला पटत नाही.

उलट उदाहरणं हवी असतील तर आहेत. इंटेलची आर्क कार्डं ऑक्टोबर २०२२ मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ चे जुने खेळ १२ मध्ये भाषांतर करून चालवत होती आणि अडखळत होती. डिसेंबरात नवा ड्रायव्हर आला, काही खेळांत वेग १.८ पटीपर्यंत गेला असं इंटेलने स्वतः सांगितलं. कार्ड तेच. आणि एएमडीने जुलै २०२२ च्या २२.७.१ मध्ये ओपनजीएलचा भाग नव्याने बांधला, माइनक्राफ्टसारख्या खेळांत त्याने मोठी उडी मारली. तुमच्या दोन ड्रायव्हरच्या बरोबर मध्ये येतं हे. तेव्हा तुम्हाला ड्रायव्हरचा फरक बघायचाच असेल तर टाइम स्पायमध्ये शोधू नका, माइनक्राफ्ट जावा लावून बघा.

आणि एक. थ्रीडीमार्कवाले स्वतःच सांगतात की नीट चालवलं तरी त्याच मशीनवर साधारण ३ टक्के इकडेतिकडे होणार. तुमच्या ८,६४० आणि ८,६७० मध्ये फरक नाहीच. ८,९१० आणि ८,६४० हासुद्धा काठावरचा. ८,९१० आणि ७,९८० हा मात्र खरा, त्यामागे काहीतरी आहे. प्रत्येक वेळी एकदाच टेस्ट लावली होती ना? तिथे चुकतंय.

धरणगावकर · २४ एप्रिल, सकाळी ८:४५

मला यातलं फार कळत नाही, पोरगं हा धागा वाचत होतं म्हणून वाचला. पण हे आमच्या कापसासारखं झालं भाऊ. खरेदी केंद्रावर गाडी नेली की आधी मीटर खुपसून ओलावा बघतात. सीसीआयला (कापूस महामंडळाला) ८ ते १२ टक्के चालतो, ८ च्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल परत. पहाटे दवात वेचलेला आणि दुपारी वेचलेला, शेत एकच, झाड एकच, काट्यावर वजन वेगळं. ओलावा न लिहिता नुसतं वजन सांगितलं तर कोण ऐकून घेईल?

अमळनेरची_लेक · २४ एप्रिल, सकाळी ९:१०

काका, हे मी आमच्या टीममध्ये सांगणार आहे, नाव लावून.

शेवभाजी_तिखट · २४ एप्रिल, सकाळी ११:००

भो, हे बेंचमार्कचं चाललंय की जिनिंगचं? मी अजूनही म्हणतो हिरवं घ्या. माझ्या एनव्हिडिया ३०६० ला असलं काही होत नाही.

नंदुरबारी_मिरची · २४ एप्रिल, सकाळी ११:२०

कारण तुम्ही कधी मोजलंच नाही. जीफोर्सपण कार्ड तापेल तसा क्लॉक थोडा थोडा, पायरी पायरीने खाली आणतं, ८० अंशांच्या बऱ्याच आधीपासून. दुपारी दोनला आणि पहाटे पाचला लावून बघा, मग बोलू.

तापीकाठचा · २४ एप्रिल, रात्री ११:३५

सगळ्यांचे आभार. मिरचीभाऊ, आज दुपारी बाहेर ४३, माझ्या खोलीत ३९. हॉटस्पॉट ११०, म्हणजे कड्याच्या टोकावर. साधं तापमान ७९. स्कोअर ८,०१०. ड्रायव्हर नवा. क्लॉकचा आलेख करवतीच्या दातांसारखा. बायोसची दांडी जागच्या जागी आहे.

पण मग जानेवारीत थंडी होती म्हणून ८,९१० असं धरलं, तरी एप्रिलच्या रात्री ८,६०० का? रात्री कुलर लावून खोली ३१ पर्यंत येते. आणि १५ व २१ ची रात्र बरी, मधल्या दुपारी वाईट, इतकं तर समजलं.

नंदुरबारी_मिरची · २५ एप्रिल, सकाळी ८:३०

साधं ७९ आणि हॉटस्पॉट ११०, ३१ चा फरक. चिपवरची पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून खडा झालीय, हे कार्ड आधी क्रिप्टो मायनिंगला जुंपलेलं असणार. चांगल्या कार्डात हा फरक १५-२० च्या आसपास राहतो. ११० ला हे कार्ड स्वतःला आवरतं, तसंच बनवलंय.

एक विचारतो. डिसेंबरात पंख्याची सेटिंग तुम्ही हाताने केली होती का?

तापीकाठचा · २५ एप्रिल, सकाळी ८:५०

अरे देवा.

हो. मित्राने सांगितलं म्हणून ॲड्रेनलिनमध्ये पंख्याचा वक्र (किती तापल्यावर पंखा किती जोरात फिरेल ते) चढवून ठेवला होता. आवाज यायचा पण ठीक होतं. १४ तारखेला नवा ड्रायव्हर टाकताना फॅक्टरी रीसेटवर टिक केली होती, कुठल्यातरी व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

नंदुरबारी_मिरची · २५ एप्रिल, सकाळी ८:५५

सापडलं. त्या टिकने तुमचा वक्र पुसला. मग डीडीयूने उरलंसुरलं साफ. जुना ड्रायव्हर परत आला, वक्र आला नाही. जानेवारीचा २१.१०.२ आणि एप्रिलचा २१.१०.२ हे एक नव्हेतच. ड्रायव्हर तोच, पंखा वेगळा.

जुना_सायबरवाला · २५ एप्रिल, सकाळी १०:१५

कार्डना दोष नही शे भो! म्हणजे ड्रायव्हरने आकडा पाडला हे खरं, पण ड्रायव्हर म्हणून नव्हे, घर झाडताना देव्हाराही उचलून ठेवला म्हणून. मला हे आवडलं.

व्यवस्थापक · २५ एप्रिल, दुपारी १२:००

हिरवं-लाल वादाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. भरताच्या पार्टीचं नियोजन वेगळ्या धाग्यात करावं, ही विनंती. (वांगी हिवाळ्यातली हवीत, एप्रिलमध्ये भरीत कसलं करता?)

अमळनेरची_लेक · २५ एप्रिल, रात्री ९:४०

आता एवढं केलंच आहे तर नीट मोजून टाका. जुना, नवा, जुना, नवा असं आलटून पालटून, दोन दिवस एकच ड्रायव्हर असं नको, नाहीतर हवा बदलली की कशामुळे बदललं ते कळत नाही. प्रत्येक वेळी तीन फेऱ्या, पहिली फेकून द्या, ती कार्ड गरम करण्यापुरती. प्रत्येक आकड्यापुढे खोलीचं तापमान, हॉटस्पॉट आणि पंख्याचा वेग लिहा. ब्राउझर बंद, व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं. हे शेवटचं विसरू नका. डीडीयूने साफ केल्यावर नेट चालू असेल तर विंडोज स्वतःच्या मनाने तिसराच ड्रायव्हर आणून बसवतं, आणि आपल्याला वाटतं आपण जुना मोजतोय.

खेळ मोजताना अजून एक काळजी. ड्रायव्हर बदलला की तयार करून ठेवलेले शेडर पुसले जातात, ते परत बनताना पहिल्या खेळाला धक्के बसतात. त्या धक्क्यांवरून नव्या ड्रायव्हरला शिव्या देणारे मी शेकड्याने वाचलेत.

रावेरी_केळी · २६ एप्रिल, सकाळी ६:३०

कुलर लावून मोजताय तर एक सांगतो. कुलरचं तोंड थेट कॅबिनेटवर ठेवू नका. आमच्याकडे भावाने तसं केलं, दोन महिन्यांत हीटसिंकमध्ये धूळ आणि ओल मिळून चिखलाचा थर बसला, वर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार.

तापीकाठचा · २९ एप्रिल, रात्री १:१०

केलं बुवा. एका पार्टीला "रेंडर चालू आहे" सांगून तीन रात्री काढल्या.

आधी रात्रीचं. कुलर चालू, खोली ३१, पंख्याचा वक्र दोन्हीकडे सारखाच चढवलेला. २१.१०.२ ने ८,८४० आणि ८,८७०. २४.१२.१ ने ८,८९० आणि ८,८५०. परत जुना ८,८६०, ८,८४०. परत नवा ८,८७०, ८,८८०. ताई, तुम्ही म्हणालात तसंच. यातून कुठला ड्रायव्हर कुठला हे नावं झाकून कुणी ओळखून दाखवावं.

दुपारी, खोली ३९, नवा ड्रायव्हर, वक्र कंपनीचा: ८,०३०. तोच ड्रायव्हर, तीच दुपार, वक्र माझा: ८,५२०. म्हणजे पंख्याने जवळपास ५०० गुण दिले, उरलेले साडेतीनशे खोलीने खाल्ले.

आता गंमत. रात्री वहीत आकडे मांडताना आई मागून बघत होती. म्हणाली, "१५ ला आणि २१ ला पाणी आलं होतं." भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती नळाच्या दिवसांना गोल करते. बघतो तर खरंच. नळ आला की टाकी भरते, कुलरला पाणी मिळतं, गवत ओलं राहतं, खोली गार. १९ ला टाकी तळाला गेली होती, आईने कुलरचं पाणी बंद केलेलं, नुसता पंखा गरम हवा फेकत होता. मी ड्रायव्हरच्या तारखा जुळवत बसलो होतो, स्कोअर नळाच्या तारखांवर चालला होता.

माइनक्राफ्टचं उद्या.

धरणगावकर · २९ एप्रिल, सकाळी ७:००

ओलावाच निघाला शेवटी.

जुना_सायबरवाला · २९ एप्रिल, सकाळी ९:२५

मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. फ्यूचरमार्कलाही अशी माणसं मिळाली नसतील.

तापीकाठचा · ३० एप्रिल, रात्री १०:४५

भाच्याला बसवलं माइनक्राफ्टला, सुट्ट्या लागल्यात, तो तयारच होता. त्याचंच जग, तीच जागा, तीच वळणं, दोनदा फिरून मग मोजलं. २१.१०.२ वर सरासरी ७४ एफपीएस (सेकंदाला चित्रं). २४.१२.१ वर ११८. परत जुना टाकला, ७५. परत नवा, ११७. टाइम स्पायमध्ये केसाएवढा फरक नाही आणि इथे दीडपटीहून जास्त. कार्ड तेच, खोली तीच, कुलर ओला.

भाचा तर जुना ड्रायव्हर टाकल्याबरोबर म्हणाला, "मामा, तू परत ते हळू वालं केलं." त्याला आकडे दाखवलेही नव्हते. आणि मी चार महिने "हाच ठेवा" ऐकून त्याला हळूवालंच खेळायला देत होतो.

नवा ड्रायव्हर ठेवतोय. वक्र फाइलमध्ये सेव्ह करून ठेवलाय, त्याची कॉपी पेनड्राइव्हवर, विकणाऱ्याच्याच. पेस्टचं काम मिरचीभाऊंनी सांगितल्यासारखं रविवारी करतो.

नंदुरबारी_मिरची · १ मे, सकाळी ८:००

करताना मेमरीवरचे पॅड फाटू देऊ नका, फाटले तर त्याच जाडीचे घ्या. जाड पॅड बसवला की कूलर चिपवर टेकत नाही आणि हॉटस्पॉट अजून वर जातं. स्क्रू एकदम एका बाजूचा आवळू नका, कोपऱ्याला कोपरा असे थोडे थोडे.

तापीकाठचा · ४ मे, संध्याकाळी ६:३०

झालं. जुनी पेस्ट नखाने खरवडून निघत होती. दुपारी अडीचला, खोली ३९, वक्र माझाच: हॉटस्पॉट ९२, साधं ७५, स्कोअर ८,७९०. वीस फेऱ्यांची स्ट्रेस टेस्टही लावली, पास व्हायला ९७ टक्के स्थिरता लागते, ९८.६ आले. रेंडर झालं, पार्टीला व्हिडिओ गेला, नवऱ्या मुलाच्या मामाचा नाच कापला म्हणून फोन आला, तो वेगळा विषय.

शेवभाजी_तिखट · ४ मे, रात्री ९:००

मी पहाटे पाचला आणि दुपारी दोनला लावून बघितलं. चार टक्के फरक आला. हिरव्याला. यावर मला चर्चा नको.

रावेरी_केळी · ५ मे, सकाळी ६:४५

जाता जाता माझंही बघा. माझं जीटीएक्स १६५०, भावाचंही जीटीएक्स १६५०, दोघांचा ड्रायव्हर एक, खोली एक. त्याचा स्कोअर दरवेळी माझ्यापेक्षा थोडा जास्त. पंखे साफ केले, पेस्ट बदलली, माझं वर येतच नाही.

नंदुरबारी_मिरची · ५ मे, सकाळी ८:१०

जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि मेमरीचा प्रकार वाचा. १६५० आधी जीडीडीआर५ वर आलं, २०२० मध्ये त्याच नावाने जीडीडीआर६ वर. पहिल्याची मेमरी सेकंदाला १२८ जीबी वाहते, दुसऱ्याची १९२. ड्रायव्हर काय करणार त्याला.

रावेरी_केळी · ५ मे, सकाळी ८:२५

माझं ५ निघालं. भावाला अजून सांगितलेलं नाही.